बारावा डाव

चाराण्याला एक पुडी. आत बडीशेपेची गोळी
आणि गोळीपेक्षा कडक पुठ्ठ्याचं एक चित्र:
बहुतेक वेळा ट्रक, नाहीतर मोर, नाहीतर पुन्हा ट्रक.
पन्नास पुड्यांत एखादी अशी निघायची
की चित्र उन्हात धरलं तर भिंतीवर कवडसा नाचायचा.
चंदेरी. कुस्तीचे डाव, एकूण बारा,
मागं नंबर, खाली बारीक अक्षरात डावाचं नाव.

पोरींना तालमीचा उंबरा ओलांडायचा नव्हता.
तांबड्या मातीचा, ताकाचा, तेलाचा वास
गंगावेशीत रस्त्यापर्यंत यायचा, तेवढाच आमचा.
म्हणून ढाक डाव मी पहिल्यांदा पाहिला
तो अडीच इंचांचा.
एकलांगी, मोळी, घिस्सा, निकाल:
पाढ्यांच्या आधी हे पाठ.
कलाजंग मिळाला त्या रात्री धाकट्या जोत्याला
अंथरुणावर तीनदा उचलून टाकला.
चौथ्यांदा त्याचा दात पडला. दुधाचाच होता,
पडणारच होता,
हे मी आजही सांगते.

बागवान चाचांच्या टपरीवर पुडी निवडायची रीत होती.
डोळे मिटून अंगठ्यानं कड दाबायची,
चंदेरी चित्र केसभर जाड लागतं.
अल्ताफला हे पटायचं नाही. तो वासावर जायचा,
म्हणायचा, शाई ओली येते.
दोघंही ट्रकच काढायचो.
सातवा, सवारी, त्यानं मला दोन घिस्से घेऊन दिला,
वर माझी अर्धी शिसपेन्सिल.
अजून महाग वाटतो.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेआधी अकरा झाले.
दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत ओळीनं चिकटवले
भाताच्या शितांनी,
त्यामुळं मुंग्याही कुस्ती बघायला यायच्या.
बाराव्यासाठी एक पान सोडलं.

बारावा कुठला, यावर पेठेत एकमत नव्हतं.
कुणी म्हणे धोबीपछाड, कुणी भारंदाज.
साठमारीकडचा एक पोरगा शपथ घ्यायचा
की इचलकरंजीला त्याच्या मावसभावाकडं बारावा आहे
आणि त्यात दोन्ही पैलवान हवेत आहेत.
इचलकरंजी तेव्हा फार लांब होती.

हे सगळं चालू असताना
बाबा शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, ट्रेडल चालवायचे.
संध्याकाळी भुवयांवर चंदेरी पूड घेऊन यायचे.
आई ओल्या पंच्यानं पुसायची.
मी समोरच जेवत असायची.
या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला
मला चाळीस वर्षं लागली.

मागच्या दिवाळीत माळ्यावरून वही निघाली.
बाबांना चष्मा सापडेना,
त्यांनी अंगठ्यानं एका चित्राची कड दाबली.
"आमचाच माल."
आणि बारावा?
"बाराव्याचा ब्लॉकच केला न्हवता.
मालक म्हणाला, पोरं हुडकत्यात तवर गोळ्या खपत्यात."

म्हणजे दर शनिवारी मला चाराणे देताना
तुम्हाला माहीत होतं?
"वस्ताद एक डाव राखतोच की गं,"
म्हणाले, आणि हसायचं राहून गेले.
वहीचं रिकामं पान हातानं सपाट करत बसले.
मग बऱ्याच वेळानं:
"ते चाराणे तरी कुठनं यायचे, सांग."

रात्री अल्ताफला फोन लावला.
त्याचं आता कागलला टायरचं दुकान आहे.
"खोटं आहे," म्हणाला. "बारावा मी पाहिलाय."
कुणाकडं?
मागं कुणीतरी पान्हा आपटत होतं, तेवढंच ऐकू आलं.
"दोन्ही पैलवान हवेत होते," म्हणाला.
चीत कोण झालं,
ते मात्र त्याला आठवेना.